दोन बोटांनी उचललेली ट्रॉली

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीच्या पोरांना तरफ शिकवायची असली की मी घरून पहार घेऊन जायचो आणि वर्गातल्या सगळ्यात काटकुळ्या पोराकडून टेबल उचलवून दाखवायचो. टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. त्यातली बरीच पोरं आता बाप्ये झाली आहेत. बाजारात भेटली की हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार करतात. अशा नमस्कारांनी माणसाचं डोकं बिघडतं. माझं बिघडलं होतं, आणि ते मला कळलं तोवर त्याची भरपाई दुसऱ्याच माणसाने केली होती.

निवृत्त झाल्यावर मी वडिलांची कातळावरची बाग हातात घेतली. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने निघून समुद्र मागे टाकला की एक चढ लागतो, त्याच्या माथ्यावर आमची कलमं आहेत. कातळावर हापूस होतो, पण पाणी होत नाही. मोहर आला की फवारणी करावीच लागते आणि तिला लागणारं पाणी घरच्या विहिरीवरून न्यावं लागतं. त्यासाठी मी एक जुनी पिकअप घेतली होती. हौद्यात हजार लिटरची टाकी भरून ठेवली की ती मागून अशी बसायची की पुढचे दिवे नारळाच्या शेंड्यांकडे बघायचे. नाक्यावरची मंडळी विचारायची, "सर, कितवा महिना?" मी हसून सोडून द्यायचो, पण मला ते झोंबायचं. शिवाय टाकी रिकामी होईपर्यंत गाडी दिवसभर बागेत अडकून पडायची. म्हणून ठरवलं, टाकी आणि फवारणीचा पंप दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवायचा, ट्रॉली पिकअपमागे जोडून बागेत नेऊन सोडायची आणि गाडी मोकळी करून घ्यायची.

गाडीवर जो ड्रायव्हर होता तो माझाच विद्यार्थी. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, पंचेचाळिशीच्या आसपासचा, कमी बोलणारा. आठवीत विज्ञानात त्याने गटांगळ्या खाल्ल्या होत्या. पुढे अठरा वर्षं आखातात मोठमोठे ट्रेलर चालवले आणि आता परत जायचं नाही असं ठरवून तो घरी आला होता. थोरल्या मुलीची सगळी शाळा त्याने फोनवर पाहिली होती, धाकटी तिसरीत होती. माझ्या जुन्या शाळेला जूनमध्ये नवी बस यायची होती आणि तिच्यावर त्याचं जवळजवळ ठरलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "डोळे मिटून घ्या." बस येईपर्यंत तो माझ्या गाडीवर होता. एकदा मला म्हणाला, "सर, जूनपासून धाकटीला रोज शाळेत मीच सोडनार. वर पगार पन मिळनार." एवढं लांब तो क्वचितच बोलायचा, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

ट्रॉलीसाठी आम्ही दोघे शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. पत्र्याची शेड, एका बाजूला वेल्डिंग, दुसऱ्या बाजूला कमानपाट्यांचं काम. ठरवायच्या गोष्टी तीन होत्या. खताची पोती नि आंब्याच्या पेट्या भरल्यावर पिकअपचा मागचा भाग बसू नये म्हणून काय करायचं, ट्रॉली जोडायचा हूक कुठे आणि किती उंचीवर लावायचा, आणि ट्रॉलीवर टाकी कुठे बसवायची. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हेही मला ठाऊक नव्हतं.

मी आल्या आल्या फर्मान सोडलं. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवा, गाडी मागून चांगली उंच दिसली पाहिजे. नाक्यावरच्या मंडळींना मी त्या पाट्यांतून उत्तर देणार होतो.

ड्रायव्हर जरा वेळ गाडीखाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "दोन पाटे नको, सर. रिकामी गाडी उड्या मारंल. एकच हेल्पर पाटा टाकू, वजन आलं की तो आपसूक लागतो. नायतर हवेच्या रबरी पिशव्या मिळतात, त्या बसवू. वजन नसलं की हवा कमी करायची."

"हवेच्या पिशव्यांच्या भरवशावर मी हजार लिटर पाणी ओढू?" मी म्हटलं. वर्कशॉपवाला हसला. त्याच्याकडे त्या पिशव्या नव्हत्या आणि पाटे भरपूर होते, त्यामुळे त्याचं हसणं माझ्या बाजूचं होतं.

ड्रायव्हरने एक काटकी घेतली आणि जमिनीवरच्या तांबड्या धुळीत चित्र काढलं. पिकअप, मागे ट्रॉली, मध्ये हूक. "मागचां वर गेलां की हूक वर जानार. हूक वर गेला की ट्रॉलीचां नाक वर, वजन समदां मागं. तर हुकाला खाली प्लेट लावून तो उतरवू या. ट्रॉली अशी सपाट उभी ऱ्हायला हवी."

माझ्याकडे याच्यावर एक खरं उत्तर होतं. बागेतल्या वाटेवर जांभ्याचे गुडघाभर धोंडे वर आलेले आहेत, खाली लोंबणारा हूक त्यांच्यावर आपटला असता. ते मी सांगितलं आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित मधला मार्ग निघाला असता. पण ड्रायव्हर पुढे म्हणाला की टाकी एक्सलच्या थोडी पुढे हवी, म्हणजे ट्रॉलीच्या शंभर किलोतले दहा-बारा किलो तरी हुकावर बसतील. इथे माझं टाळकं सरकलं.

त्याचं कारण वडील. वडिलांची बैलगाडी होती, तिच्यातून ते खाणीवरून चिरे वाहायचे. गाडी भरून झाली की बैल जोडण्याआधी ते जू दोन बोटांनी उचलून बघायचे. उचललं गेलं तर ठीक. नाही तर चार चिरे मागे सरकवायला लावायचे, मग कितीही उशीर होवो. बैलाने ओढायचं, वाहायचं नाही, असं ते म्हणायचे. ज्याच्या बैलांच्या मानेला जुवाच्या ओझ्याने आवाळूच्या गाठी आल्या असतील त्याच्या घरी ते पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आमच्या वाडीत गाडी भरण्याची परीक्षा हीच होती आणि मी ती लहानपणापासून पाहिली होती. हुकावर मुद्दाम वजन ठेवायचं ही गोष्ट मला अडाणीपणाची, आणि खरं सांगायचं तर क्रूरपणाचीसुद्धा वाटली. लोखंडाच्या हुकाला मान नसते एवढं तरी विज्ञानाच्या मास्तराला कळायला हवं होतं.

मी वडिलांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. दांडा दोन बोटांनी उचलला गेला पाहिजे, टाकी मागे घ्या, म्हटलं.

"सर," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बैल चालतो. ही पळनार."

त्या चार शब्दांत सगळं होतं. मला ते आत कुठेतरी लागलंही असावं, कारण लागलं नसतं तर मी पुढचं बोललो नसतो. मी वर्कशॉपवाल्याकडे बघून हसत विचारलं, "याला आठवीत तरफेच्या धड्यावर किती मार्क होते, सांगू का?"

शेडमधले सगळे हसले. वेल्डिंग करणाऱ्याने काम थांबवून, डोळ्यांवरची काच वर करून विचारलं, "किती?" ड्रायव्हरही हसला. काटकी त्याने टाकून दिली आणि पायाने ते चित्र पुसलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी वर्गात शंभर पोरांना ऐकवलं असेल. आजही ते सगळे हसलेले चेहरे आठवले की मी चालता चालता थांबतो.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला. हूक आणि दांडा यांच्याशिवाय दोघांना बांधणारी एक साखळी हवी, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या समाधानासाठी लाव. ती त्याने स्वतः हर्णै बंदरावरच्या एका ओळखीच्या होडीवाल्याकडून आणली, नांगराची जुनी जाड साखळी, आणि स्वतःच्या हाताने बसवली.

ट्रॉली तयार झाली तेव्हा मी पाण्याने भरलेल्या ट्रॉलीचा दांडा सगळ्यांसमोर दोन बोटांनी उचलून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. नाक्यावर चिडवणं बंद झालं, गाडी मागून ऐटीत उंच दिसायची. ड्रायव्हर बैलाच्याच वेगाने न्यायचा. मागे बघायचा आरसा त्याने वाकवून ट्रॉलीवर लावला होता आणि उतारावर त्याचे डोळे सारखे तिकडे जायचे. मला वाटायचं, आखातातली सवय.

त्या दिवशी सकाळी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. टाकी भरलेली. बागेत फवारणीची माणसं येऊन बसल्याचा दोनदा फोन आला होता आणि तो आपला सावकाश चालला होता. समुद्राकडच्या उतारावर लागलो तेव्हा मी म्हटलं, "अरे, जरा दाब की. माणसं खोळंबलीत."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दाबलं.

मला ते आधी पाठीत कळलं. सीट किंचित डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी जास्त. आरशात ट्रॉली कुत्र्याच्या शेपटीसारखी हलत होती. त्याने ब्रेकवर पाय मारला नाही, पाय नुसता उचलला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. "धरा, सर," एवढंच म्हणाला. ट्रॉलीने पिकअपची शेपूट रस्त्याच्या कडेला ढकलली, हूक निसटला, साखळीला जोराचा हिसका बसला आणि ट्रॉली आडवी पडून आमच्यामागे घासत आली. टाकी फुटली. कडेला एक शहाळ्यांची हातगाडी होती, तिच्यावर ट्रॉली जाऊन थांबली. ती गाडी चालवणाऱ्या बाई त्या क्षणी रस्त्यापलीकडे, मोटारीतल्या गिऱ्हाइकाला शहाळं द्यायला गेल्या होत्या. साखळी नसती तर ट्रॉली एकटीच त्या उतारावरून सुटून खाली गेली असती, आणि खाली त्या वेळी पर्यटकांची पोरं खेळत होती.

शहाळी रस्त्याने गडगडत गेली. लोक धावले, आणि धावणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल वर होते. ड्रायव्हर खाली उतरून त्या बाईंपाशी गेला, मग हात वर करून वरून येणाऱ्या गाड्या थांबवायला लागला. मी दाराला धरून उभा होतो. कुणीतरी जोरात विचारलं, "कोण चालवत होता?"

मी बोट केलं. "हा," म्हणालो.

ते खरंच होतं. चालवत तोच होता. इतकं खरं आणि इतकं नीच असं मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

त्या बाईंना मी नवी हातगाडी करून दिली, तेवढं मी सरळ केलं. बाकीचं आपोआप होत गेलं आणि मी होऊ दिलं. संध्याकाळपर्यंत चित्रफीत सगळ्या गावाच्या मोबाइलवर होती. त्यात पाण्याचे लोट होते, चेंगरलेली हातगाडी होती, आणि मधोमध हात वर करून उभा असलेला माझा ड्रायव्हर. मी त्यात कुठेच नव्हतो. तो फोनवर बोलत होता असं एकाने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं की डुलकी लागली असणार, तिसऱ्याने आखातातल्या रुंद रस्त्यांची सवय काढली. एकाने त्याच्या मोहल्ल्याचं नाव घेऊन जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. मी ते सगळं वाचत होतो. गावाच्या व्हॉट्सअॅप गटात माझंही नाव होतं, मला लिहिता येत होतं, माझं मराठी चांगलं आहे.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. "सर, तुम्ही शेजारी होतात. काय झालं नक्की?"

"उतार होता," मी म्हटलं. "गाडी आवरली नाही."

"हं," ते म्हणाले. "मग बसचं जरा थांबूच या."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, कुणाचा होता. मी म्हटलं, शाळेतून. जेवताना तिने मला आग्रह केला नाही.

मला अजून वाटत होतं की मी बरोबर असू शकेन. म्हणून एका दुपारी मी पडवीत एक फळी उतरती लावली, फळकुटाची दोन चाकी गाडी केली आणि तिचा दांडा खिळ्याने एका खेळण्यातल्या ट्रकमागे अडकवला. मागे दगड ठेवून सोडली की खाली येईपर्यंत ती वळवळायची आणि पडायची. दगड पुढे घेतला की सरळ यायची. मी ते सात-आठ वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. त्रेसष्टाव्या वर्षी मी फळीसमोर गुडघे टेकून बसलो होतो आणि मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. माझ्या वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराने मला हे धुळीत काढून दाखवलं होतं आणि मी चारचौघांत त्याचे मार्क काढले होते.

ट्रॉली दुरुस्त करून आणली. आता टाकी पुढे घेतली, जास्तीचे पाटे काढून हेल्पर पाटा टाकला, हूक प्लेट लावून उतरवला. धोंड्यांचं काय, तर बागेतली वाट दोन दिवसांत पहारीने साफ झाली, इतकं ते सोपं होतं. वर्कशॉपवाल्याने सगळं निमूट केलं. काय बदललं, का बदललं, हे त्याला कळत होतंच. त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आमच्या वाडीत अपघात झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर घालायची तर गाऱ्हाणं घालतात. देवाला सगळी हकिगत मोठ्याने सांगायची, चुका पदरात घ्यायला सांगायचं, आणि जमलेल्यांनी हुंकार द्यायचा. वाडीतले म्हातारे मानकरी आले. अंगणात ट्रॉली उभी, तिच्यापुढे नारळ. ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. तो अंगणाच्या कडेला चपला काढून, हात पुढे बांधून उभा राहिला. गाडीवर हात ठेवायचा माणूस तो, त्याने असायला हवं, असं म्हातारेच म्हणाले होते.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ह्या तुज्या लेकरानं गाडी परत रस्त्याला लावायची म्हनून तुज्या पायाशी नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"काय वाकडां-वंगाळ झालां, ते ड्रायव्हरच्या हातून चुकून झालां असंल. ती चूक पदरात घे, आनि फुडं त्याचा हात संभाळ रे म्हाराजा."

त्या जागी थांबवता आलं असतं. मी यजमान होतो. एक हात वर केला असता आणि म्हटलं असतं की चूक त्याची नाही, माझी आहे, तसं सांगा, तर म्हाताऱ्यांनी तसं सांगितलं असतं. गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो ट्रॉलीच्या चाकाकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज शिक्षकाचा आहे, तो वेगळा ऐकू येतो.

नारळ फुटल्यावर त्याने प्रसादाची शेरणी दोन्ही हातांनी घेतली आणि किल्ली मागितली. ट्रॉली बागेत नेऊन आणली. आरे-वारेच्या त्याच उतारावर ती रुळावरच्या डब्यासारखी सरळ उतरली. तो आरशात बघत होता. मी त्याच्या शेजारी बसून बाहेर बघत होतो.

त्यानंतर मला झोप लागेना आणि अन्न गोड लागेना, हे सांगून मी काही मोठेपणा मिळवत नाही. खाई त्याला खवखवे. तरीसुद्धा अध्यक्षांकडे जायला मला तीन आठवडे लागले. गेलो ते मनाशी वाक्यं पाठ करून गेलो. टाकी मी मागे घ्यायला लावली. पाटे मी वाढवले. हूक मी वर ठेवला. त्याने तिन्ही गोष्टींना हरकत घेतली होती. त्या दिवशी दाबायलाही मीच सांगितलं. एकही वाक्य न गाळता मी ते बोललो.

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "सर, तुमच्यासारखी माणसं आता नाहीत. विद्यार्थ्यावर आलं तर स्वतःच्या अंगावर घ्यायचं."

"अंगावर घेत नाहीये. माझंच आहे ते."

"असू दे हो," ते हसले. "तुम्ही आम्हाला तरफ शिकवलीत. तुम्ही टाकी चुकीची बसवाल?" तेही माझेच विद्यार्थी. "शिवाय चित्रफीत सगळ्या पालकांकडे आहे. आम्ही दुसरा माणूस बघितला."

चहा आला. मी टेबलावर हात आपटायला हवा होता. वर्कशॉपवाल्याला फोन लावून समोर धरायला हवा होता. पण तुमच्यासारखी माणसं आता नाहीत हे वाक्य ऐकताना, इतकं सगळं झाल्यावरसुद्धा, मला क्षणभर बरं वाटलं. मी चहा प्यालो. बिस्कीटही घेतलं. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

तिथून सरळ खाडीपलीकडे गेलो. ड्रायव्हर घराच्या ओट्यावर कागद पसरून बसला होता. त्याच्या जुन्या कंपनीने पुन्हा बोलावलं होतं, तीन वर्षांचा करार. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि आत गेली. धाकटी शाळेत गेली होती, रिक्षाने.

मी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं. अध्यक्षांकडे काय बोललो, ते काय म्हणाले, गाऱ्हाण्यात मी गप्प बसलो, तेही. माफ कर, म्हटलं. तो अवघडला. त्याला माझ्याकडे बघवेना.

"बसा, सर," तो म्हणाला. "माजी पन चूक हाय. मना म्हाईत होतां, ती डुलनार. मी तवाच जोरात बोलायला हवां व्हतां. पन तुमच्यापुढं आवाज चढवायची सवय नाय."

मी म्हटलं, तुझी कसली चूक. तो पसरलेल्या कागदांतला एक कोरा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "एक काम व्हतां. मागच्या दीड वर्षात हितं काय केलां त्याचा दाखला कंपनी मागत्ये. तुमी दिला तर बरां होईल. इंग्रजीत."

मला हायसं वाटलं. निदान हे तरी मला करता येणार होतं. मी खुर्ची ओट्याशी ओढून बसलो आणि मनापासून लिहिलं. हा माझ्याकडे दीड वर्ष चालक होता, सावध आहे, प्रामाणिक आहे, जड वाहनांची याची जाण माझ्यापेक्षा फार मोठी आहे. खाली आणखी एक ओळ लिहिली की या काळात एक अपघात झाला, तो पूर्णपणे माझ्या चुकीच्या निर्णयामुळे झाला आणि याच्याच दक्षतेमुळे कुणाला इजा झाली नाही. जे गावात, गटात, देवापुढे सांगायला मी कचरलो होतो ते पहिल्यांदा कागदावर उतरलं, माझ्या अक्षरात, माझ्या नावाखाली.

त्याने कागद दोनदा वाचला. बोट त्या ओळीवर ठेवलं.

"सर, ही ओळ काढा."

"ती खरी आहे."

"खरी हाय," तो म्हणाला. "पन तिकडं वाचनारा मानूस अपघात एवढाच शब्द वाचनार. कुनाच्या चुकीनं, ते फुडचां नाय वाचनार. काम जाईल, सर."

तो चुकत नव्हता. गावात सगळ्यांनी तेच तर केलं होतं, आणि अध्यक्षांनीही.

त्याने दुसरा कोरा कागद दिला. मी वरचं सगळं पुन्हा लिहिलं, शेवटची ओळ गाळली आणि खाली सही केली.